शेजारच्या खाटेचा हुंकार

कंपालातल्या त्या इस्पितळात दुपारची पाळी सुरू झाली की बिराब्वा सिस्टर आधी हात धुई आणि मग अतिदक्षता विभागातल्या एकेका पेशंटची विचारपूस करी. तिथल्या गांडा जमातीच्या माणसांची रीतच ती. दिवस कसा गेला विचारायचं, आणि मग दोघांनी आळीपाळीनं हळू हुंकार देत राहायचं.

"इथं कोण हुंकार देणार तुला, ताई?" सोबतचा नर्स ओडोंगो तिला चिडवी. "बोटसुद्धा हलत नाही यांचं."

खरंच होतं ते. फुप्फुसं फारच बिघडली की स्नायू लुळे पाडणारं औषध द्यावं लागे, म्हणजे अंग यंत्राच्या श्वासाशी झगडत नाही. पण त्या औषधानं शुद्ध जात नाही. झोपेचं औषध वेगळं, आणि ते आधी. ते कधी चुकलं, तर माणूस जागाच राहतो, नुसता हलू शकत नाही.

त्या दिवशी ओडोंगो सकाळपासून दुहेरी पाळीवर होता, आणि तिसरी खाट रिकामी होती. तिथले सेन्टोंगोबाबाही लुळं पाडणाऱ्या औषधावर होते, ते सकाळीच वारले. दुसरीवर नाकिंतू, नुकतीच बाळंत झालेली शिक्षिका. तीही त्याच औषधावर, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून पापण्या पट्टीनं मिटवलेल्या.

"कसा गेला दिवस, नाकिंतू?"

"म्म्..."

बिराब्वा जागच्या जागी थिजली. घशात नळी असताना आवाज निघत नाही.

"ओडोंगो... तू होतास?"

"मी कशाला? तिची नाडी मात्र मघापासून धावतेय. ताप असेल."

ती वाकली. पट्टीच्या कडेनं पाणी झिरपत होतं. झोपेच्या औषधाच्या नळीवरची चावी बंद होती, तिला कुशीवर वळवताना फिरली असणार. लुळं पाडणारं औषध मात्र चालूच होतं.

"जागी आहेस गं तू... झोपवते हं, मी इथंच आहे." तिनं चावी उघडली आणि डॉक्टरांना हाक मारली. हळूहळू नाडी उतरली.

आठवड्यानं नळी निघाली.

"सगळं ऐकू येत होतं, सिस्टर," नाकिंतू घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ओरडत होते मी, आतल्या आत."

"तू हुंकार दिलास म्हणून कळलं."

"मी कुठला देणार? शेजारच्या बाबांनी दिला, माझ्यासाठी."

"ते नव्हते गं तेव्हा... शवागारात नेलं होतं त्यांना."

"हो, खाली फार थंडी आहे म्हणत होते." नाकिंतूनं पांघरूण वर ओढलं. "आणि विचारत होते... त्यांनाही झोपेचं औषध कुणी का देत नाही?"

बिराब्वानं ओडोंगोकडे पाहिलं. त्या सकाळी बाबांच्या पापण्यांवरची पट्टी त्यानंच काढली होती.

"ओली होती," तो पुटपुटला. "मला वाटलं... घाम असेल."