दोन पेट्यांमधली जागा

बोट एरवी बुधवारी येते, पण त्या आठवड्यात समुद्र खवळलेला होता म्हणून गुरुवारी लागली. मी शिकवते ती शाळा सुटल्यावर मी धक्क्यावर गेले आणि माझं खोकं शोधून काढलं. पिठाची पोती, गोठवलेल्या कोंबडीचे खोके, कुणीतरी मागवलेली शवपेटी, आणि त्या सगळ्याच्या खाली माझे दोन स्पीकर. इतके लहान की दोन काखांत दोन धरून मी चालतच घरी आले. वाटेत ओसऱ्यांवर बसलेले म्हातारे विचारत होते, "काय गं लोसालीने, शिकायला एवढी लांब गेलीस आणि आणलंस काय, तर उंदराचे पिंजरे?"

मी हसले. तेव्हा मी सगळ्यांनाच हसून उत्तर द्यायचे. न्यूझीलंडला मी ध्वनिमुद्रण शिकले होते. तिथं नोकरी मिळत होती, ती सोडून मी आमच्या बेटावर परत आले होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आपल्या माणसांना खरं ऐकायला शिकवायचं. आमच्या टोंगा बेटांवर पोरं चालायच्या आधी गायला शिकतात, आणि ऐकतात कशावर? तर घरोघरच्या कपाटाएवढ्या स्पीकरवर, हानीतेलीमामाच्या घरातल्या खोक्यासारख्या. त्यावर स्तोत्र लावलं तरी ओल्या गादीवर कुणीतरी काठ्या मारतंय असं वाटायचं. मी महिनोन्महिने शोधून असे स्पीकर निवडले होते, जे शिक्षकाच्या पगारात बसतील आणि तरी प्रामाणिक असतील. 'प्रामाणिक' हा शब्द मी त्या दिवसांत फार वापरायचे.

आणि ते होते तसे. पोटात घुमणारा खालचा सूर त्यांना पेलायचा नाही, आणि झांजा थोड्या टोचायच्या. पण माणसाचा गळा! गाताना ओठ सुटतात तो चिकट आवाजसुद्धा ऐकू यायचा. मी ते दोन मासळीच्या क्रेटवर ठेवले, भिंतीपासून पुढे ओढून, एकमेकांपासून दोन हात लांब, तोंडं किंचित आत वळवून. समोर चटईवर बसून डोळे मिटले की पेट्या नाहीशा व्हायच्या. गाणारा दोघींच्या मधोमध, रिकाम्या जागेत उभा असायचा. बोट दाखवून सांगता यायचं, की हा इथे आहे.

आईला ते तसे आवडत नसत. मी शाळेतून यायचे तेव्हा दोन्ही स्पीकर भिंतीशी, एकमेकांना चिकटवून ठेवलेले असायचे. झाडताना अडतात, ती म्हणायची. मी लांब करायचे, ती जवळ आणायची. तिच्या कमरेला अजून आमच्याकडे सुतकात गुंडाळतात ती चटई होती, फाटकी, पार घोट्यापर्यंत येणारी. तिच्याशी वाद घालायला मला धीर होत नव्हता.

सुतक माझ्या भावाचं होतं. सेमिसीचं.

तो गेला तेव्हा माझी शेवटची परीक्षा चालू होती. मला कळवलं ते त्याला पुरून झाल्यावर. मामानं फोनवर सांगितलं, की भाल्यानं मासा मारायला श्वास रोखून खाली गेला होता, प्रवाहानं ओढून नेला. अभ्यास बिघडू नये म्हणून आधी सांगितलं नाही, म्हणाला. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पेपर लिहिला. पण मनातून ते जात नव्हतं. सेमिसी प्रवाह ओळखायचा, जशी आई नीरफणस हातात घेऊन पिकलाय की नाही ओळखते. मी परत आले त्याचं खरं कारण हेही होतं. तो कसा गेला, हे मला कुणीतरी डोळ्यांत बघून सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. विचारलं की लोक दूर बघायचे, आणि हानीतेलीमामाच्या घरातला खोका जरा जास्तच मोठ्यानं वाजायला लागायचा.

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आमच्या चर्चच्या गायकवृंदात माणूस गेला की त्याची खुर्ची वर्षभर रिकामी ठेवतात. सेमिसीची खुर्ची सायलोसी आणि पाउला यांच्या मध्ये होती. वर्षश्राद्धानंतर ती दुसऱ्या कुणाला मिळणार, म्हणून त्याआधी एकदा, त्या रिकाम्या खुर्चीसकट, मला सगळ्यांचं गाणं ध्वनिमुद्रित करायचं होतं. गायकवृंदाचा म्होरक्या मामाच. त्यानं आनंदानं होकार दिला. मला तो नाही म्हणूच शकत नसे. मामाच्या घरातली कुठलीही वस्तू भाच्यांनी न विचारता उचलावी, ही आमच्याकडची रीत, आणि मामानं ती कायम हसत पाळली. सेमिसीनं तर त्याची होडीसुद्धा आपलीच केली होती.

शनिवारी सकाळी ध्वनिमुद्रण झालं. आधी सगळ्यांनी ते मामाच्या खोक्यावर ऐकलं, टाळ्या वाजवल्या, मला चिडवलं, की आता तरी नवरा शोध. मी घरच्या स्पीकरवर ऐकलं ते रविवारी, जेवणानंतर.

रविवारची ती वेळ तुम्हाला सांगून कळणार नाही. कायद्यानंच सगळं बंद. होडी नाही, गाडी नाही, कुऱ्हाडीचा घाव नाही. मातीखालच्या भट्टीतून काढलेलं अळूच्या पानातलं मांस खाऊन सगळं गाव झोपलेलं असतं. बाहेर पांढरं ऊन, आणि भट्टीतल्या विझत्या दगडांचा वास. मामा आमच्या ओसरीवर आडवा झाला होता. आत आई होती, म्हणून तो आत येणार नव्हता. वयात आल्यावर बहीणभाऊ एका खोलीत बसत नाहीत, सख्खे काय, चुलत-मामे काय. आई आणि मामा म्हातारे झाले तरी तो तिच्यासाठी ओसरीवरच थांबायचा. सेमिसी घरात शिरला की मीही अशीच उठायचे. त्याची पावलं ओळखून, मान वर न करता, हातातलं काम घेऊन बाहेर. हे मनाला विचारून होत नाही. पायच उठतात.

आई आतल्या खोलीत झोपली होती. मी स्पीकर लांब केले आणि बारीक आवाजात लावलं.

डावीकडे मामा. त्यानं घसा खाकरून सूर दिला. त्याच्या मागे बायका, उजवीकडे जाड आवाजाचे पुरुष. सायलोसी, मग थोडी मोकळी जागा, मग पाउला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. रिकामी खुर्चीसुद्धा ऐकू येत होती. प्रामाणिक, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या कडव्याआधी सगळ्यांनी श्वास घेतला. सगळ्यांचा श्वास संपला, गाणं सुरू झालं… आणि त्या मोकळ्या जागेत एक श्वास चालूच होता. आत, आत, आणखी आत. बारीक शिट्टीसारखा, जणू अरुंद नळीतून ओढलेला. कडवं संपलं. पुन्हा सगळ्यांनी श्वास घेतला. त्यानंही घेतला. सोडला मात्र एकदाही नाही.

मग खाऱ्या पाण्याचा वास आला, आणि ओल्या रबराचा.

मी घाबरले नाही. घाबरायला वेळच मिळाला नाही. मी उभी होते, मान खाली होती, आणि मी ओसरीवर आले होते. पाय उठले होते.

मामा कुशीवर वळून माझ्याकडे बघत होता.

"का गं उठलीस?"

"आत…" मी म्हटलं. "कुणीतरी आत आलं."

त्यानं कोण ते विचारलं नाही. तो उठून बसला. आतून गाणं ऐकू येत होतं.

"सायलोसी आणि पाउलाच्या मधून येतो ना?" तो म्हणाला.

मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्या खोक्यावर तर ते ऐकूही येत नव्हतं.

"मामा, तो भाला घेऊन नव्हता ना गेला?"

मग त्यानं सांगितलं, इतक्या हळू आवाजात की मला वाकून ऐकावं लागलं. सेमिसी समुद्रकाकड्या काढत होता, तळाशी पडून असणारे ते मऊ, महाग विकले जाणारे जीव, खोल, प्रवाळकड्याच्या बाहेरच्या अंगाला. होडीवर हवेचा पंप आणि त्यातून खाली गेलेली नळी, ती तोंडात धरून. त्या नळ्यांनी माणसं मरतात म्हणून सरकारनं त्या बंद केल्या आहेत. मामा वर पंपाजवळ होता. गस्तीची बोट येताना दिसली, आणि पंपाचा आवाज तर मैलभर जातो…

"मी बंद केला," मामा म्हणाला. "म्हटलं, थोडाच वेळ. ते जवळ आले. तंबाखू मागितली. मी दिली. कुणाच्या तरी लग्नाच्या गोष्टी निघाल्या. मी हसत होतो, पोरी… आणि नळी माझ्या पायाशी होती. ती ओढली जात होती."

"आणि तू हसत होतास."

"ते थांबलेच होते. जातच नव्हते."

आतलं गाणं संपलं. नीरफणसाचं एक पान गळून पत्र्यावर पडलं, ते दोघांनीही ऐकलं.

"आईला काय सांगितलंस?"

"तिनं विचारलं नाही." त्यानं हातांत तोंड घेतलं. "पुसून टाक ते. तुझ्या मामाचं एवढं ऐक."

मी आत गेले. आई जागी होती. ती मासळीच्या क्रेटपाशी गुडघ्यांवर बसून दोन्ही स्पीकर एकमेकांशी सरकवत होती, झोपलेल्या पोराला अंथरुणावर सरकवावं तशी. मी दारात थांबले आणि मला सगळं समजलं. झाडताना अडतात.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"तू शाळेत असतेस तेव्हा मी रेडिओवरची स्तोत्रं लावते त्यांच्यावर. पहिल्याच दिवशी आला तो." तिनं मागे वळून बघितलं नाही. "मध्ये जागा ठेवली नाही की उभा राहत नाही."

"आणि पंपाचं?"

"नळीचा वळ होता त्याच्या ओठांवर. आंघोळ मीच घातली ना त्याला."

"मग मामाला जाब का नाही विचारलास? वर्षभर तो आपल्या ओसरीवर जेवतोय, आई."

"तो माझा भाऊ आहे, लोसी. त्याच्यासमोर मी बसतसुद्धा नाही. हे तोंडावर कसं विचारू?" मग ती म्हणाली, "तुला फोन करायचा नाही, हे मीच सांगितलं त्याला. तू आली असतीस तर विचारलं असतंस."

सगळ्या गावातली खोकी का ठणाणत असतात ते मला त्या दिवशी कळलं. मी त्यांना ऐकायला शिकवायला आले होते. त्यांना चांगलं ऐकू येत होतं.

पुढच्या रविवारी वर्षश्राद्धाचं जेवण आमच्याकडे झालं. खोली भरली होती. आई मधोमध, भोवती सेमिसीच्या बहिणी, चुलत, आते, मामे, आणि भिंतीशी पास्टर. मामा ओसरीवर. जेवण झाल्यावर पास्टर म्हणाले, लोसालीनेनं मुद्रित केलंय ते ऐकू या, तिच्या त्या छोट्या यंत्रावर. मामानं बाहेरून मान हलवली, नको म्हणून. मी पाहिलं, आणि उठले. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले. दोन हात लांब केले. तोंडं आत वळवली. आई माझ्या हातांकडे बघत होती. तिनं मला अडवलं नाही.

मामानं घसा खाकरला, सूर दिला. पहिलं कडवं झालं. सगळ्यांनी श्वास घेतला.

सगळ्यात आधी फिफिता उठली. फिफिता मामाची धाकटी मुलगी, शाळेत मी शिकवते त्याच वर्गात आहे. तिला कुणी काही सांगितलेलं असणं शक्य नाही. ती मान खाली घालून, हातातलं ताट घेऊन बाहेर गेली. तिच्यामागे आतेबहिणी. मग चुलत. कुणी कुणाकडे बघितलं नाही, फक्त चटयांची सळसळ. मी शेवटची. दारातून मागे पाहिलं, तर पास्टर डोळे मिटून डोलत होते, आणि आई बसल्या जागी थोडी बाजूला सरकली होती. शेजारी एक माणूस मावेल एवढी. भिजू नये म्हणून काठ आवरतात, तसा तिनं कमरेच्या चटईचा काठ आपल्याकडे ओढून घेतला होता.

मग ती बोलली. उंबऱ्यापलीकडे, तिच्या भावाशी, मोठ्यानं. जन्मात मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हानीतेली," ती म्हणाली, "पंप चालू कर. पोर थांबलंय."

मामा जागचा हलला नाही. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. त्याच्याभोवती ओसरीभर मुली उभ्या होत्या, त्याची स्वतःचीसुद्धा, घराकडे पाठ करून.

तुम्ही मघाशी विचारलंत, की रविवारी दुपारी मी घरात का नसते. म्हणून एवढं सांगितलं. ते ध्वनिमुद्रण मी पुसलं नाही. पण आता ते माझ्या हातात राहिलेलं नाही. जेवण झालं की आई स्वतःच दोन्ही स्पीकर लांब करते. शिकवलं नव्हतं, तरी अगदी बरोबर अंतरावर. मग मला म्हणते, "तू बाहेर जा. तुझा भाऊ आत आहे." मी बाहेर येते. ओसरीवर मामा असतो. त्याच्याशी मी बोलत नाही, आणि दुसरीकडे जायला जागाही नाही. आम्ही दोघं त्या पांढऱ्या उन्हाकडे बघत बसतो.

आत खूप शांत असतं. गाणं संपलं तरी दोघांचा श्वास ऐकू येत राहतो, त्याचा आणि आईचा. गेल्या रविवारी मी नीट कान दिला. मला तेवढं तरी येतं.

आईचाही श्वास फक्त आत जाताना ऐकू येत होता.