फडक्याखालचं पीठ

दुपारी चारला बेकरीतून फोन आला आणि सव्वाचारला तपास अधिकारी बाई पीठघरात पोचल्या. मालकाला नुकतंच रुग्णालयात हलवलं होतं. डोक्यावर मागून लाकडी दांडा बसला होता. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती.

बाईंचा सहायक गुन्हेगारी मानसशास्त्राचा वर्ग करून परतला होता. वहीत इतके शब्द भरून आणले होते की कचेरीत त्याचं नावच 'शब्दकोश' पडलं होतं.

"पोती फाडलीत, खिडकी फोडलीय," तो म्हणाला. "हा डूख धरलेला माणूस. ओळखीचा हल्लेखोर पश्चात्ताप झाला की पडलेल्याचं तोंड झाकतो म्हणतात. इथं तोंड उघडं होतं, म्हणजे घरचं कुणी नाही."

शब्दकोशाने रंगवलेल्या ह्या मानसचित्राला शोभेल असा माणूसही होता. मालकाने वर्षापूर्वी काढून टाकलेला भट्टीवाला. जाताना त्याने भर दुकानात 'बघून घेईन' म्हटलं होतं. पाचच्या आत शब्दकोशाने त्याला कोठडीत बसवला. दुपारभर झोपलो होतो, असं बिचारा सांगत होता, पण झोपेला साक्षीदार कुठून आणणार?

बाईंचं समाधान होईना. फाडलेली पोती कीड लागलेल्या मैद्याची होती, परत पाठवायला बाजूला काढलेली. चांगल्या पोत्यांना ओरखडाही नव्हता. टेबलावर पिठाचे अर्धे गोळे कापून झाले होते, कापायची पत्री खाली पडली होती, आणि परातीत उरलेल्या पिठावर ओला फडका नीट पसरलेला होता. बाईंनी तो उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. स्वच्छ होता. त्यांनी डॉक्टरांना फोन लावून एकच गोष्ट विचारली. मालकाचे हात मनगटापर्यंत पिठाने माखलेले आहेत, असं उत्तर आलं.

संध्याकाळपर्यंत शुद्ध येईल, असंही डॉक्टर म्हणाले. मारणारा काम पुरं करायला परत येईल ही बाईंना धास्ती होती, म्हणून खोलीबाहेर शिपाई बसवला होता. आत फक्त घरच्यांना मुभा. धाकटा भाऊ हात धरून बसला होता. फोन त्यानेच केला होता. माल पोचवून आलो, दारातूनच दादा पडलेला दिसला, आत पाऊल न टाकता फोनकडे धावलो, असा त्याचा जबाब होता.

सहाला मालकाची बायको मुलीच्या गावाहून परतली आणि मालकाचे कपडे घ्यायला आधी बेकरीमागच्या घरी आली. बाईंनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "हे फडके कुठं असतात?"

"फळीखालच्या डब्यात. पूर्वी खिळ्याला असायचे, उंदीर कुरतडायला लागले. दोन महिने झाले डब्यात ठेवतो."

"कुणाला माहीत आहे?"

"आम्हा तिघांना. मी, हे आणि भाऊजी."

"भाऊजी तर दुकानात बसतात ना?"

"महिनाभर झाला. त्याआधी वीस वर्षं पीठ तेच मळायचे. पण ह्यांनी पीठघर मुलीला द्यायचं ठरवलं." तिने डोळे टिपले. "भाऊजींना फार लागलं ते."

शिपाई बाहेर बसला होता आणि ज्याची धास्ती होती त्याला त्यांनीच आत बसवलं होतं. शब्दकोशाला घेऊन त्या रुग्णालयात धावल्या.

खोलीत धाकटा तसाच हात धरून होता. मालकाच्या पापण्या थरथरत होत्या. बाई स्टूल ओढून समोर बसल्या.

"पिठावर फडका कुणी घातला?"

"दादानेच घातला असेल."

"दादांच्या हातांना मनगटापर्यंत पीठ होतं, फडक्याला कणभरही नाही. ते पडल्यावर कुणीतरी स्वच्छ हातांनी तो घातला. भट्टीवाल्याला डब्याचं माहीत नाही, तो खिळाच शोधत बसला असता. वहिनी गावी होत्या. उरलात तुम्ही, आणि तुम्ही तर आत पाऊलच टाकलं नव्हतं."

धाकट्याने दादाचा हात आणखी घट्ट धरला.

बाई शब्दकोशाकडे वळल्या. "दांडा ही गुन्ह्याची पद्धत, त्याशिवाय हल्ला झाला नसता. पोती नि खिडकी हा आपल्यासाठी रचलेला बनाव. पण त्यातही चांगल्या मैद्याला सुरी लावायला ह्यांचा हात धजला नाही. आणि फडक्याची ना हल्ल्याला गरज होती, ना बनावाला. तरी हाताने तो घातला. तुझ्या वहीत ह्याला गुन्हेगाराची सही म्हणतात. तू झाकलेलं तोंड शोधत होतास. ह्यांनी झाकलं, पण पीठ."



"पीठ उघडं राहिलं असतं तर वाळून वर साय धरली असती," धाकटा अखेर म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "वीस वर्षांत एकदाही धरू दिली नाही मी. आणि दादा म्हणतो, तू आता गिऱ्हाईकं बघ."

मालकाने डोळे उघडले. समोर भाऊ दिसला तसा त्याने हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण अंगात बळ नव्हतं. बाई उठल्या आणि धाकट्याच्या मुठीतून तो हात त्यांनी एकेक बोट करून सोडवला. नखांत वाळलेलं पीठ अजून तसंच होतं.