मागच्या सीटवरच्या मावशी

नणंदेला मुलगी झाली होती. तिला बघून यायचं, एवढंच काम. रस्ता डोंगरातला, दोन्ही अंगांना जंगल, आणि पानगळीचे दिवस. वाटेत पंपावर नवरा चाकांत हवा भरून घेत होता. ती तोंड धुऊन आली, तर मागच्या सीटवर एक बाई बसलेल्या. वयस्कर, अंगावर राखाडी शाल, मांडीवर हात. तिच्याकडे पाहून त्या ओळखीचं हसल्या.

लग्न होऊन दीडेक महिना झाला होता. त्या दिवशी सासरचे इतके चेहरे समोरून गेले होते, की कोणती आत्या आणि कोणती काकू, याचा तिच्या डोक्यात अजून पत्ता नव्हता. असेल त्याची कोणी मावशी, निघाली असेल बाळ बघायला, असं म्हणून ती पुढे बसली. 'या कोण?' असं त्यांच्यादेखत विचारलं असतं, तर सासरी वर्षभर चघळायला विषय झाला असता.

"निघायचं का, अहो?" तिने विचारलं.

एरवी ती त्याला 'अरे' म्हणायची. नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं आणि एकदम गुणी मुलासारखा म्हणाला, "हो, हो. निघू या."

वर चढावं तसं धुकं दाट होत गेलं. चाकांखाली पानं चुरडत होती, आणि तेवढाच काय तो आवाज. गाडीत डांबरगोळ्यांचा वास भरला होता. ट्रंकेतली शाल आजच बाहेर काढलेली दिसतेय, तिच्या मनात आलं. मग त्या वासाखालून दुसरा एक वास यायला लागला. उकरलेल्या ओल्या मातीचा.

"बाळ कोणासारखं आहे गं?" मागून हलकेच आवाज आला.

"अजून पाहिलं नाही, मावशी."

"मी मांडीवर घेईन हं... आधी मीच घेईन." त्या किंचित पुढे झुकल्या. "दारात गेल्यावर सांगशील ना, या आमच्याच म्हणून? तेवढं कोणी म्हटलं की झालं..."

तिने मान हलवली, पण मानेवर काटा का आला ते तिला कळेना.

पुढच्या वळणावर रस्त्यात फांदी पडली होती. दोघं उतरले. फांदीला हात घालता घालता नवरा कुजबुजला, "तुझ्या मावशी येणार होत्या, तर आधी सांगायचंस की! ताईला निदान फोन तरी केला असता."

"माझ्या मावशी?"

"मग कोणाच्या?"

"तुझ्या... म्हणजे, मला वाटलं तुझ्या..."

फांदी दोघांच्या हातात तशीच राहिली. दोघांनी एकदमच गाडीकडे पाहिलं. दोघांच्या श्वासाने पुढच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. मागची काच मात्र लख्ख होती, आणि तिच्याआड तो चेहरा हसत होता.

"चल, पळू या," नवरा म्हणाला.

"कुठे? किल्ली आत आहे."

आणि बाळाचं घर आता पुढच्या उतारावरच होतं. यांना तिथवर न्यायचं नाही, एवढं एकच तिला स्वच्छ कळत होतं. ती गेली आणि तिने मागचं दार उघडलं.

"अगं, थांबलात का? मी तुमचीच की," बाई म्हणाल्या.

"कोणाची?"

"तूच सांग ना..."

मागून नवऱ्याची सभ्यता नको तेव्हा जागी झाली. "नाही, म्हणजे मावशी, तुम्ही तर आमच्या–"

तिने वळून त्याच्या तोंडावर हात दाबला. मोठ्या माणसांपुढे आजवर तिने आवाज चढवला नव्हता. "तुम्ही आमच्या कोणी नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नाही. "इथेच उतरा."

वाऱ्याची एक झुळूक आली, पानं भिरभिरली. पापणी लवून उघडली, तर सीट रिकामी.

फांदी बाजूला ओढून दोघं निघाले आणि उतार लागला. मग नवऱ्याला हसू फुटलं, त्याच्या पाठोपाठ तिलाही, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "यापुढे आपल्यात सभ्यपणा बंद," तो म्हणाला. "बरं, अरे," ती म्हणाली.

नणंदेच्या घरात उजेड होता, ऊब होती, बाळाच्या पावडरचा वास होता. बाळ तिच्या मांडीवर आलं, मूठभर, गरम, आणि जोरात जांभई देऊन झोपलं. तिला वाटलं, आता आपलेच हातपाय आपल्याला परत मिळाले. सगळी हकिकत ऐकून नणंद म्हणाली, "कमाल आहे गं बाई तुमची! मी असते तर पंपावरच विचारलं असतं."

नणंदेचे यजमान गाडी फाटकाच्या आत घ्यायला गेले होते. गाडी अंगणात चालूच ठेवून ते दारात आले.

"अरे, मागच्या सीटवर काय ठेवलंय एवढं जड? पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून गाडी ओरडतेय नुसती!"

सामान तर सगळं आत आलं होतं.

तिने बाळाला छातीशी धरलं आणि खिडकीतून स्पष्ट, मोठ्याने सांगितलं, "आमचं कोणी नाही तिथे!"

पट्ट्यासाठी चाललेला गाडीचा आवाज थांबला. कोणी उतरलं म्हणून थांबला, की कोणी पट्टा लावला म्हणून, ते बघायला त्या घरातलं कोणीच बाहेर गेलं नाही.