सायलेन्सरमधला दम

यावलहून एक सायलेन्सर आणायचा, एवढंच काम होतं. सकाळी भुसावळमार्गे जाणारी बस मिळाली, खिडकीही मिळाली. वैशाखाचं ऊन अजून तापायचं होतं.

माझे यजमान सुकदेव जळगावात मोटरसायकली दुरुस्त करायचे. घरामागच्या शेडमध्ये मात्र ते कितीतरी वर्षं एकच गाडी बांधत होते, कुठल्याच गिऱ्हाइकाची नसलेली. जुन्या काळच्या ग्रां प्री शर्यतीतल्या सव्वाशे सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीसारखी. खरी गाडी त्यांनी फक्त फोटोत पाहिली होती. जेवताना तिच्याच गोष्टी. टू-स्ट्रोक इंजिन उधळं असतं म्हणायचे, जळालेल्या धुराबरोबर ताजं पेट्रोलही बाहेर सांडतं. मग पूर्व जर्मनीतल्या एका इंजिनिअरने सायलेन्सरच्या नळीला पोट दिलं, आधी रुंद होत जाणारं, मग निमुळतं. धुराबरोबर निघालेली आवाजाची लाट रुंद भागात शिरताना मागचं ओढून घेते, निमुळत्या भागावर आपटून उलटी फिरते आणि निसटलेलं पेट्रोल पुन्हा इंजिनात लोटते. आधी ओढते, मग लोटते. हे सांगताना ते गरम पापडाची सुरळी करून दाखवायचे. ती हमखास मोडायची.

त्या इंजिनिअरच्या चमूतला एक स्वार एकसष्ट साली स्वीडनच्या शर्यतीत इंजिन बंद पडल्यावर देशच सोडून पळाला, आणि ती विद्या जपानला पोचली. पुढच्याच वर्षी जपानी गाडी जगज्जेती झाली. मी विचारायचे, मागे राहिलेल्या त्या इंजिनिअरने काय केलं? सुकदेव म्हणायचे, काय करणार, सायलेन्सर करत राहिला.

माघात सुकदेव गेले. शेडमध्ये एकटेच होते, मी धुळ्याला आईकडे. त्यांनी हाक मारली होती का, हे सांगायला कोणी नाही. झोपेत त्यांचा श्वास अडकायचा. आत घेतला की विसरल्यासारखा तिथेच थांबायचा, आणि तो सुटेपर्यंत मी जागी राहायचे. ती सवय मोडली नाही. अजूनही जाग येते आणि मी ऐकत पडते.

पुण्याचे एक गृहस्थ गाडी घ्यायला तयार होते, सुरू करून दाखवली तर. सायलेन्सर तेवढा राहिला होता. सुकदेवांच्या हाताखाली शिकलेला हसीब संध्याकाळी येऊन तो बसवणार होता.

खाजाभाई यावलला पत्र्याचे बंब आणि धान्याच्या कोठ्या करतात; सुकदेवांचा सायलेन्सरही त्यांनीच केला होता. मी पोचले तेव्हा वीज गेली होती. त्यांनी पाणी दिलं, बसवलं. सुकदेवांना आपण किती चिडवायचो ते सांगत राहिले. एवढ्या वर्षांत गोऱ्हे पाळले असते तर शंकरपटाची शर्यत तरी जिंकली असती, असं म्हणायचे म्हणे. दुकानामागे केळीची बाग होती. दुपारी तिथे ओल्या मातीचा वास येत होता, आणि एकाही पाखराचा आवाज नव्हता.

सायलेन्सरची नळी आढ्याला टांगलेली होती. दोन्ही तोंडांत लाकडी बुचं ठोकलेली. कुंभारीण माशी आत मातीचं घर करते, म्हणून.

खाजाभाईंनी ती उतरवली. नळी कुठे गळते हे बघायला ते एक तोंड अंगठ्याने दाबतात आणि दुसऱ्यातून विडीचा धूर फुंकतात. शेवटच्या खेपेला सुकदेवांनी हट्टाने स्वतःच धूर भरला होता. कुठेच गळलं नाही. खूश होऊन त्यांनी लगेच बुचं ठोकायला लावली, नळी नंतर नेतो म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी ते गेले.

खाजाभाईंचा हात बुचाकडे गेला आणि थांबला.

"भाभी, आत त्यांचाच दम आहे अजून." मग हलक्या आवाजात, "खोलू?"

"नको," मी म्हटलं.

त्यांनी आपला पंचा रुंद तोंडावर, बुचावरूनच, गुंडाळून गाठ मारली. घरीच खोला म्हणाले. "पण खोलाल तेव्हा... जवळ कोणी असू द्या."

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, मावशी, वाजंत्री घेऊन कोणाच्या लग्नाला? लोक हसले, मीही हसले. मांडीवर नळीचं पोट कोमट लागत होतं. ऊन बसच्या दुसऱ्या बाजूला होतं.

घरी आले, शेड उघडली. तिथे अजून एरंडेल तेलाचा वास आहे. शर्यतीच्या इंजिनाला तेच लागतं, म्हणायचे. नळी घेऊन स्टुलावर बसले. हसीब आला की दोन फटक्यांत बुचं काढणार, आणि बोलता बोलता ते आतलं निघून जाणार. जायचंच असेल तर माझ्यासमोर जावं. एकदा मी जवळ नव्हते.

बारीक टोकाचं बूच मी हलवून काढलं, चटकन अंगठा ठेवला, मग सावकाश उचलला. विडीचा वास आला. क्षणभर. मग पत्र्याचा, आणि मग कसलाच नाही. एवढंच होतं तर.

उरलंसुरलं राहावं म्हणून मी अंगठा पुन्हा दाबला. अंगठ्याचं मांस आत ओढलं गेलं.

हात झटकावासा वाटला नाही. ओढ थांबली, आतून हलकेच लोटलं गेलं. पुन्हा ओढ. पुन्हा लोट. ती चाल मला पाठ होती. मी डोळे मिटले. आणि मग एकदा आत ओढलं, आणि तिथेच अडकलं.

हसीब कधी आला कळलं नाही. सायलेन्सर बसवायचा ना, असं तो दारातून दोनदा विचारत होता.

"थांब," मी म्हटलं. "आत घेतलाय... अजून सोडला नाही."

सुकदेव गेल्यापासून लोक माझं ऐकून घेतात. हसीब दुसऱ्या टोकाशी उकिडवा बसला आणि त्याने पंच्याची गाठ सोडली. मग वाकून आत पाहिलं.

"भाभी... इकडे बूच नाहीये. हे तोंड... उघडंच आहे."

म्हणजे आत हवा कोंडायला जागाच नव्हती. मला ते समजलं. अंगठा मात्र निघत नव्हता.

हसीबला मागे सरता येत नव्हतं. पंखा बंद होता. त्याच्या कपाळावरचे केस सगळे पुढे आले होते, नळीच्या तोंडाकडे. पंच्याचं मोकळं टोक सावकाश आत चाललं होतं. मग उरलेला पंचा गेला, सगळा, कसलाही आवाज न करता. अंगठा सुटला.

हसीबने नळी उभी करून झटकली. काहीच पडलं नाही. उजेडाकडे धरली, तर आरपार दिसत होतं.

गाडी मी विकली नाही. नळी शेडमध्ये टांगली आहे. हसीब येतो, पण फाटकाबाहेरूनच चौकशी करून जातो. मी दार उघडं ठेवून झोपते. त्या दिवशी आत घेतलेला तो श्वास सुटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.