फणसाच्या वासाचा लॉट

ज्योतीरामची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्याचा माल नापास करून बसले होते.

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांची रबरी सील बनतात. बाहेरून येणारा कच्चा माल आधी माझ्या टेबलावर येतो. मी तपासते, मग तो आत जातो. त्या दिवशी टेम्पोवाल्याने शेजारच्या गल्लीतल्या गाळा नंबर चौदाचं पोतं चुकून आमच्या गेटवर उतरवलं. मी उघडलं. आत तपकिरी बिया, आणि वास... पिकलेल्या फणसाचा. त्याच्या मागून मोगरा. त्याच्याही मागून, लग्नाच्या मांडवामागे कुणीतरी चोरून प्यायल्यासारखं काहीतरी.

रबराला असा वास येत नाही. मी लाल चिठ्ठी लावली: 'नापास. माल आंबलेला आहे.' आणि नियमाप्रमाणे पोतं नापास मालाच्या लाल पिंजऱ्यात गेलं.

तासाभराने तो धावत आला. केसांत कॉफीची टरफलं.

"मॅडम, ते माझं पोतं आहे!"

गेटवरच्या दत्तोबांनी मान हलवली. "न्हाई जमायचं, भाऊ. पिंजऱ्यातला माल कारण लिवल्याबिगर भाईर जात न्हाई."

"अहो, पण मी तुमचा सप्लायरच नाही!"

"व्हय. पन माल तुमचा हाय ना?"

मी त्याच्यापुढे कारणाचा फॉर्म सरकवला. तो बाकावर बसला आणि दहावीच्या पेपरसारखा गंभीरपणे लिहू लागला.

बिघाडाचे कारण: मुद्दाम केला. कॉफीच्या बिया हवाबंद पिंपात फणसाच्या गऱ्यांसोबत शहाण्णव तास आंबवल्या.
पुन्हा होऊ नये म्हणून उपाय: पुन्हा होणारच.
तपासनिसास सूचना: एकदा पिऊन बघावी. गाळा चौदा. शनिवारी.

"हे शेवटचं कलम आमच्या फॉर्ममध्ये नाहीये," मी म्हणाले.

"खाली जागा होती," तो म्हणाला. आणि हसला — अगदी थोडं, पोतं परत मिळेपर्यंत जपून वापरायचं असल्यासारखं.

त्या दुपारी मी एकच सील तीनदा मोजलं. तिन्ही वेळा वेगळं माप आलं.

शनिवारी मी गेले. फक्त तपासणीसाठी, असं मी स्वतःला संत तुकाराम नगरच्या बसस्टॉपपासून चाकणपर्यंत सांगत होते. गाळ्यात चार निळी पिंपं, बिया भाजायचं एक मशीन आणि एकच खुर्ची. खुर्ची त्याने मला दिली आणि स्वतः पिंपावर बसला. कच्च्या बिया तो कर्नाटकातून आणायचा, भिजवायचा, फळांसोबत पुन्हा आंबवायचा, टेम्पोने बाहेर वाळवून आणून भाजायचा. त्यासाठी नोकरीतून एक वर्षाची रजा घेतली होती.

"फेब्रुवारीअखेर एखादा कॅफे मिळाला तर ठीक. नाहीतर माझी कंपनी मला तमिळनाडूत, होसूरच्या प्लांटला पाठवतेय," असं म्हणत त्याने कप पुढे केला. "काय लागतंय?"

"कॉफी."

"अजून?"

"गरम."

"मॅडम..."

मी डोळे मिटले. "बोरं. पोपटाने अर्धा खाल्लेला पेरू. आणि... लातूरला आमच्या घरामागे रातराणी होती. संध्याकाळी तिला पाणी घातलं की यायचा तसा वास."

डोळे उघडले, तर तो वही धरून माझ्याकडेच बघत होता.

"मी इथे लिची लिहिणार होतो," तो म्हणाला.

"लिची मी कधी खाल्ली नाही."

"मी पण नाही."

असे पाच शनिवार गेले. मी खरं तेच सांगायचे. 'ओल्या गोणपाटासारखी.' 'ही छान, पण जरा अगाऊ.' तो सगळं लिहून घ्यायचा. एकमेकांना अहो-जाहोच करायचो. दोघांपैकी कुणीतरी आधी घसरायला हवं होतं, आणि दोघंही कठड्याला धरून उभे.

सहाव्या शनिवारी त्याने नवीन लॉट समोर ठेवला. बाणेरच्या कॅफेवाल्या अलमास मॅडम दुपारी सँपल मागवणार होत्या. फेब्रुवारीचे चार दिवस उरले होते.

मी घोट घेतला. व्हिनेगर. लोणच्याची बरणी विसळल्यासारखं.

"पास?" त्याने विचारलं.

होसूर इथून नऊशे किलोमीटर आहे. मी तो कप हातात धरून तेवढं सगळं अंतर चालून आले.

"नापास," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली आणि अलमास मॅडमना फोन लावला. 'मॅडम, ते सँपल...' एवढ्यावर तो अडला. मीच फोन घेतला, स्पीकरवर टाकला. "मॅडम, मी विजयश्री. लॉट मी नापास केलाय. पाठवत नाही."

"कमाल आहे," पलीकडून आवाज आला. "स्वतःचा माल वाईट आहे, हे सांगायला पहिल्यांदाच कुणी फोन केलाय. बिघडला कशाने?"

आमच्या कंपनीत माल बिघडला की पाच वेळा 'का' विचारतात. त्याशिवाय खरं कारण बाहेर येत नाही. मी सवयीने सुरू केलं.

"आंबट का झाला?"

"पिंप सहा तास उशिरा उघडलं," ज्योतीराम म्हणाला.

"उशीर का?"

"त्या रविवारी मी इथे नव्हतो."

"का नव्हतात?"

"रहाटणीला होतो."

मी थांबले. त्या रविवारी मी रहाटणीला खोली बदलली होती. चौथा मजला, लिफ्ट नाही. लोखंडी कपाट त्यानेच वर नेलं होतं.

"पिंप उघडायचंय, हे माहीत असून... का आलात?"

"वाटलं, दुपारी चारच्या आत परतेन. चार वाजता मी तिसऱ्या मजल्यावर होतो. कपाटाखाली."

"मग... तेव्हा तरी सोडून का नाही गेलात?"

हा पाचवा 'का' होता. भाजायचं मशीन गार होताना टिकटिकत होतं.

"कारण तू प्रत्येक पायरीला 'हळू हं' म्हणत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, लॉट काय, पुन्हा लावता येईल. असं 'हळू हं' मला याआधी कुणी म्हटलं नव्हतं."

तू. तो घसरला होता.

"हॅलो?" फोन म्हणाला. आम्ही दोघंही दचकलो. "कारण समजलं. महिन्याभराने नवीन लॉट आणा. आणि भाऊ, कपाटं हमालांना देत जा." फोन कट.

"आणि होसूर?" मी विचारलं.

"आणखी महिना मागतो. नाही दिला तर... नाही दिला." मग हळूच, "आणि तू?"

"मी तर दुसऱ्याच शनिवारी..." पुढचं मला पूर्ण करता आलं नाही. करायची गरजही उरली नाही, कारण कपाभोवतीच्या माझ्या बोटांवर त्याची बोटं आली होती.

कॉफी खरोखर फार वाईट होती. आम्ही दोघांनी मिळून ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.