इंग्रजीतला तू

"मे आय बेग युअर लीव्ह टु ऑक्युपाय धिस चेअर, मॅडम?"

मृणालने घास हातातच धरून वर पाहिलं. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या अतिथिगृहाचं कँटीन रविवारी गच्च भरलेलं असे. समोर एक सडपातळ तरुण ताट घेऊन उभा होता. तिची पँट आणि आखूड केस पाहून तो तिला दिल्लीचीच समजला असावा.

"बसा की," ती म्हणाली. "इंग्रजी संपेपर्यंत तुमची वांगी गार होतील."

तो इतका लाजला, की ताक ताटात सांडलं.

अंबादास जालन्याकडचा, करोल बागेत खोली घेऊन राहायचा. सत्त्याण्णव सालचा मार्च होता. नागरी सेवेची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता, मुलाखत एप्रिलअखेर होती. त्याचे वडील मिशनच्या दवाखान्यात माळी. तिथल्या एका पेटीत जुनी पुस्तकं होती, त्यांतूनच तो इंग्रजी शिकला. मृणाल पुण्याची. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये मावशीकडे राहायची आणि नोएडात एका कॉम्प्युटर कंपनीत मशिनांची मॅन्युअलं लिहायची.

"तुझी इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीच मेली रे," दुसऱ्या रविवारी ती म्हणाली.

"मेली नाही हो, म्हातारी झाली. तरुणपणी ती निराळीच होती. फार पूर्वी 'सिली' म्हणजे भाग्यवान. आणि 'नाइस' म्हणजे मूर्ख."

"अच्छा! मग मला नाइस म्हणू नकोस."

"नाही म्हणत. सिली म्हणतो."

ती खळखळून हसली. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी वळून पाहिलं.

मग ठरूनच गेलं. दर रविवारी त्याने एक पान इंग्रजी लिहून आणायचं, तिने लाल पेनाने ते आजचं करायचं. ती त्याला सहज 'अरे' म्हणे. त्याचं मात्र 'तुम्ही' सुटेना.

"आपण एका वयाचे आहोत, यार. मला 'तू' म्हण ना!"

"शिकवणाऱ्याला तू कसं म्हणायचं?" तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणे.

मुलाखतीआधीच्या रविवारी त्याने पान दिलं, पण हातातून लवकर सोडलं नाही. "हे... जरा सावकाश वाचा."

कूलरच्या वाऱ्याला ओल्या वाळ्याचा वास होता. पान एका मैत्रिणीला उद्देशून लिहिलं होतं. त्या मैत्रिणीच्या हसण्यावर दोन ओळी होत्या, त्या मृणालला आवडल्या. पण जिकडेतिकडे 'दाऊ' आणि 'दी'! जुन्या इंग्रजी प्रार्थनेत असतात तसे. बोर्डासमोर हा असं बोलला तर? तिने भराभर पेन चालवलं. अकरा ठिकाणी खोडून अकरा वेळा 'यू' लिहिलं.

"हे जुनाट काढून टाक हं. शोभत नाही."

त्याने पान घेतलं. चार घड्या घातल्या.

"समजलं," तो म्हणाला, आणि चहा न घेताच गेला.

पुढच्या रविवारी तो आलाच नाही. मुलाखत तर गुरुवारीच झाली होती. समोरच्या खुर्चीवर ती दुसऱ्या कुणाला बसू देईना. श्रीखंडही तिला गोड लागलं नाही.

सोमवारी तिने ऑफिसात कुमुदिनीबाईंना विचारलं. त्या तिची मॅन्युअलं तपासायच्या.

"बाई, 'दाऊ' लिहिलेलं खोडलं, तर कुणी रागावेल का हो?"

"अगं, पूर्वी इंग्रजीत दोन शब्द होते. 'यू' मोठ्यांना, परक्यांना. 'दाऊ' जवळच्या माणसाला. देवालासुद्धा. पुढे सगळेच सगळ्यांना यू म्हणायला लागले, आणि दाऊ हरवला."

"दाऊ म्हणजे... तू?"

"तूच. का गं? चेहरा का उतरला?"

मराठीत जे त्याच्या तोंडून निघत नव्हतं, ते त्याने इंग्रजीत अकरा वेळा लिहिलं होतं. आणि तिने ते अकरा वेळा परत केलं होतं. लाल शाईने.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती ऑटोने करोल बागेत पोहोचली. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत अंबादास वळकटी बांधत होता.

"मुलाखत कशी झाली?" तिने दारातूनच विचारलं.

"बरी. सगळ्यांना यूच म्हणालो."

"अंबादास, दाऊ म्हणजे तू, हे मला ठाऊक नव्हतं रे. आमच्या मॅन्युअलात तो नसतो."

दोरीवरचा त्याचा हात थांबला. "म्हणजे तुम्ही... नाही म्हणाला नव्हतात?"

"मला कुणी विचारलं होतं? लिहून तपासायला दिलं, मी तपासलं!"

खाली गल्लीत काकडीवाला ओरडत गेला.

"मृणाल," तो म्हणाला. नुसतं मृणाल. "तू..."

"हं, पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच म्हणायचं होतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही.

"गाडी कधी आहे?"

"सहाला."

"परवाची चालेल?"

"बिल्कुल चालेल."

"मग सोड ती दोरी. आणि ऐकून ठेव, पुढे लग्नबिग्न झालं तरी मी तुला 'अहो' म्हणणार नाही हं!"

"नकोच म्हणूस," तो म्हणाला आणि गाठ सोडायला बसला. मघाशी त्याने ती रागारागाने फार घट्ट बांधली होती. शेवटी तिने पर्स बाजूला ठेवली, त्याच्यासमोर मांडी घातली आणि दुसरं टोक हातात घेतलं.