चौथ्या बोर्डाचा दिवा

निमगाव साव्यात आमच्या उसाच्या कडेला मोटारीची खोली आहे. त्या रात्री मी तिथं फक्त एक वायर बघायला गेलो होतो. ऐका पोरांनो, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

उसाला चारी कोपऱ्यांत कॅमेरे होते. माझ्या मोठ्या भावाने, आदेशदादाने, लावलेले. खोलीत तळहाताएवढे चार कॉम्प्युटर, आम्ही त्यांना बोर्ड म्हणायचो. चौघांच्या वायरी एका डब्यात. कुठल्याही कॅमेऱ्यात बिबट्या आला की चौघं एकमेकांना कळवणार आणि भोंगा वाजणार. बोर्ड जोडलेला असला की डब्यावर त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो.

भाद्रपदात एका रात्री दादाने बांधावरून फोन केला. "चौथा मधूनच तुटतोय रं. दिवा लुकलुकतोय का बघ, मग आत शिरतो."

मी खोलीतच होतो. पण खाटेवर, मोबाइलवर मॅच बघत. मान न वळवता म्हणालो, "हाय की. जा."

भोंगा वाजला नाही. दादाचा देह सकाळी उसात सापडला.

आईला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलायची.

मग ती रात्र आली, कार्तिक वद्य अष्टमीची. शेतीची वीज रात्री एकला आली. कांद्याला पाणी द्यायचं होतं, आणि वाट उसातून. आई रस्त्यावर थांबली, मी बॅटरी घेऊन खोलीत गेलो. चौथा दिवा बंद.

शेजारच्या कुंडलिकतात्यांनी सांगून ठेवलं होतं, "वायर काढ, फुंकर मार, परत लाव. आमच्या टीव्हीला बी लई लागू पडतं."

फुंकर मारली. काही नाही. तिसऱ्याची वायर डब्याच्या चौथ्या भोकात लावली, दिवा लागला. म्हणजे भोक चांगलं, वायर मेली. तिसऱ्याची परत जागेवर लावली. चौथीचं भोकात बसणारं प्लास्टिकचं टोक तुटून पडलं.

फोन वाजला. आई.

"झालं का रं? येऊ?"

"थांब, आये."

"वीज जाईल. दिवा लागलाय का, तेवढं सांग."

मी वळून पाहिलं.

चौथा दिवा लुकलुकत होता.

वायर माझ्या हातात. भोक रिकामं.

"लागलाय का...?"

मागे खाट करकरली. कुणी बसावं तशी. खोलीत मी एकटा...

"बोल की..."

"आये, लागलाय. पण वायर माझ्या हातात हाय. तू येऊ नगं."

फोनवर तिचा नुसता श्वास...

आणि भोंगा वाजला.

ऊस हलला. वाटेच्या अलीकडून... पलीकडे. तिच्या आणि माझ्या मधून.

मग काहीच नाही.

उजाडेपर्यंत ती रस्त्यावर, मी खोलीत. फोन चालूच. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सांजच्याला जेवला न्हाईस तू."

मला रडू आवरेना. वायर हातातून कधी सुटली, कळलं नाही.

उजेडात पाहिलं. चौथी वायर भोकात घट्ट बसलेली. टोक कोरं करकरीत. टोक बसवायला मला येत नाही, ते दादाच बसवायचा. त्याची पकडही आमच्याकडे उरलेली नव्हती.

खाटेच्या पायाशी वायरीच्या आतल्या तारांचे कापलेले बारीक तुकडे पडले होते. केशरी, हिरवे, निळे, तपकिरी.